रांगतं बाळ, कुत्रं-मांजर आणि परसातलं खुराडं

घरात कुत्रं आहे, मांजर आहे, परसात चार-पाच कोंबड्या आहेत आणि आता बाळ येणार आहे. अशा घराला शेजारपाजारून पहिला सल्ला मिळतो तो "जनावरं देऊन टाका" हा. बहुतेक घरांना तसं करायची गरज पडत नाही. फक्त एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते. बाळाची आणि जनावरांची खरी गाठ पडते ती जमिनीवर. सात-आठ महिन्यांचं मूल फरशीवर हात टेकतं आणि दुसऱ्याच क्षणी तो हात तोंडात घालतं. त्या फरशीवर तुमच्या चपलेला लागून आलेली कोंबडीची शीट असू शकते, कुत्र्याच्या पंजाची ओली माती असू शकते. खाली दिलेली मापं, अंतरं, वेळा या सगळ्यांचा हिशोब तिथूनच मांडलाय: बाळ जिथे हात टेकणार आहे, तिथवर काय काय पोहोचतंय?

कामाला लागायचं ते बाळ येण्याच्या दोन-तीन महिने आधी. बाळ रांगायला लागल्यावर खुराडं हलवणं, कुत्र्याला नव्या सवयी लावणं आणि रात्रीची जागरणं ही तिन्ही कामं एकदम अंगावर आली, तर एकही धड होत नाही.

खुराड्याची जागा आणि बांधणी

स्वयंपाकघराच्या दारापासून आणि बाळ झोपतं त्या खिडकीपासून खुराडं निदान १५-२० फूट लांब हवं. अंगण लहान असेल तर जमेल तेवढं लांब, पण मध्ये कुंपण हवंच. पाण्याची टाकी, विहीर आणि कपड्यांची दोरी यांच्याजवळ नको. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाची झड नैऋत्येकडून येते, म्हणून खुराड्याचं जाळीचं तोंड पूर्वेला ठेवावं. सकाळचं ऊन आत येतं, खाली अंथरलेलं तूस कोरडं राहतं. तूस ओलं झालं की शिटेतून अमोनियाचा वास सुटतो. तो कोंबडीच्या डोळ्यांना आणि छातीला त्रास देतो.

पाच कोंबड्यांना रात्रीसाठी ४ फूट लांब, ३ फूट रुंद खुराडं पुरतं. पुढून उंची ३ फूट, मागे अडीच, म्हणजे पत्र्याला उतार मिळतो. खाली दीड-दोन फुटांचे पाय द्या किंवा चिऱ्यांचा ओटा करा. आत बसायला खुराड्याच्या तळापासून दीड फुटावर आडवी फळी ठोका. फळी दोन इंच रुंद, कडा घासून गोल केलेल्या, दर कोंबडीला ८ ते १० इंच जागा. अंडी घालायला फूटभर लांबी-रुंदी-उंचीचं खोकं, पाच कोंबड्यांत एक चालतं, दोन असतील तर भांडणं होत नाहीत. खोकं बसायच्या फळीपेक्षा खाली असू द्या. वर असलं तर कोंबड्या रात्री खोक्यातच झोपतात आणि सकाळी अंडी शिटेनं माखलेली मिळतात. खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा, दोन-तीन इंच.

दिवसा फिरायला १० बाय ५ फुटांचं जाळीचं आवार करा. उंची सहा फूट, म्हणजे झाडताना कंबर मोडत नाही. षटकोनी छिद्रांची जी स्वस्त जाळी 'कोंबडीजाळी' म्हणून विकतात, ती कोंबडीला आत ठेवते. पण मुंगूस, उदमांजर किंवा जोरात धडक मारणाऱ्या कुत्र्यापुढे तिचं काही चालत नाही. अर्ध्या इंचाच्या छिद्रांची वेल्डमेश, म्हणजे तारा सांध्यांवर जोडलेली कडक जाळी, घ्या. ती जमिनीत फूटभर गाडा, किंवा बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरून वर दगड ठेवा. उकरणारं जनावर जाळीच्या अगदी बुडाशी उकरतं, तिथं आडवी जाळी लागली की सोडून देतं. वरूनही जाळी हवी. घार पिल्लं उचलून नेते.

बाळासाठी या आवारात दोन बदल करायचे. अंगणाकडच्या बाजूला जाळीच्या आतून खालचे दोन फूट पत्रा किंवा फळी मारून बंद करा. रांगणारं मूल जाळीला धरून उभं राहायला शिकतं. बोटं आत गेली की कोंबडी ती टोचते. तिला तो दाणाच वाटतो. दुसरं, आवाराची कडी बाहेरून आणि चार फुटांवर लावा, वर कोयंड्यात खिळा किंवा कुलूप. दीड वर्षाच्या मुलाचा हात तिथवर जात नाही, आणि नुसती कडी नाकाने उचलणारी कुत्री असतात.

गावात कोंबड्या दिवसभर मोकळ्या सोडायची पद्धत आहे. बाळ रांगायला लागल्यापासून निदान पाच वर्षं ती बाजूला ठेवावी, किंवा कोंबड्यांना परसाचा मागचा भाग आणि बाळाला पुढचं अंगण अशी कायमची वाटणी करावी. ओट्यावर आणि पडवीत येणारी एक जरी कोंबडी असली तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

कोंबड्या कोणत्या आणि किती

अंगावर पिणारं मूल असताना एक दिवसाची पिल्लं आणू नयेत. त्यांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, म्हणून लोक खोकं घरातच, बल्बखाली ठेवतात. पिल्लांची शीट आणि पिसांचा बारीक धुरळा मग बाळाच्याच खोलीत फिरतो. साल्मोनेला हा जंतू तर दिसायला अगदी ठणठणीत पिल्लाच्या शिटेतही असू शकतो. मोठ्या माणसाला त्यानं काही दिवस हगवण होईल. तीन महिन्यांच्या बाळाच्या रक्तात तो जंतू उतरला तर दवाखान्यात दाखल करावं लागतं. बाजारात रंगवलेली पिल्लं मुलांना खेळायला म्हणून विकतात, ती तर घेऊच नयेत.

त्यापेक्षा १२ ते १६ आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणा. पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत. तलंगा कुठे मिळतील ते तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारता येतं. कुठूनही घेतल्या तरी लासोटा, गंबोरो, देवी आणि आठव्या आठवड्याच्या आसपास दिली जाणारी आर-टू-बी, या लशी झाल्यात का ते विचारा. लासोटा आणि आर-टू-बी या मानमोडीच्या लशी आहेत, आणि मानमोडी शिरली की परसातलं अख्खं खुराडं दोन-चार दिवसांत रिकामं होतं. आधीच्या कोंबड्या असतील तर नव्या तलंगा तीन आठवडे वेगळ्या ठेवा.

चौकोनी कुटुंबाला चार-पाच कोंबड्या भरपूर झाल्या. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ६०-८० अंडी देते, गिरिराज ही सुधारित जात १३०-१५० च्या आसपास. गावरान खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसून राहते, आणि अंडी कमी देते. पण पाऊस-उन्हात टिकते आणि तिच्या मागे फारसं धावावं लागत नाही. तान्ह्या बाळाच्या घरात हा गुण मोठा आहे.

कोंबडा नको. अंडी मिळायला त्याची गरज नसते, ती फक्त पिल्लांसाठी लागते. कोंबडा नख्या पुढे करून उडी मारतो ती साधारण दोन-अडीच फुटांवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या गुडघ्यावर आणि चालायला शिकलेल्या मुलाच्या तोंडावर. खुडूक बसलेली किंवा पिल्लांवरची कोंबडीही तशीच धावून येते. अगदी गरीब कोंबडीसुद्धा चमकणाऱ्या आणि काळ्या ठिपक्यांवर चोच मारते: कानातली बाळी, मनगटीतले काळे मणी, गालावरचं तीट, डोळ्याचं बुबुळ. बाळाला कडेवर घेऊन कोंबडीच्या तोंडाशी वाकू नये, ते एवढ्यासाठी.

दाणा-पाणी

अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं. बाहेर चरणारी असेल तर ५०-६० ग्रॅम वरून टाकलं तरी भागतं. जाळीत ठेवलेलीला पूर्ण द्यावं लागतं. अंड्यावरच्या कोंबड्यांचा भरडा, थोडी ज्वारी किंवा मक्याचा चुरा, भाजीची देठं-पानं, आणि वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा भुगा. भरड्यात चुन्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून तो अंड्यावर न आलेल्या तलंगांना देऊ नये, मूत्रपिंडं बिघडतात. पाणी दर कोंबडीला पाव लिटर, एप्रिल-मे मध्ये त्याच्या दुप्पट.

पाण्याचं भांडं रोज रिकामं करून घासायचं. साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची अंडी ते डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत पुरा होतो. भांडं अरुंद तोंडाचं किंवा निप्पलचं असू द्या. तोल जाऊन पालथं पडलेलं रांगतं मूल दोन-तीन इंच पाण्यातही बुडू शकतं. कुत्र्याचं टोपलं, धुण्याची बादली, गुरांचं डोणगं, सगळ्यांना हाच धोका आहे.

खाद्याची गोणी उघडी राहिली की उंदीर येतात, उंदरांमागे साप, आणि उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस. खाद्य पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवा, संध्याकाळी उरलेलं उचलून घ्या. उंदरांना विष घालू नका. विष खाल्लेला उंदीर मांजर खातं, कुत्रं खातं, कोंबडीही टोचते, आणि ती गुलाबी-हिरवी वडी बाळाच्या हाती लागली तर विचारायलाच नको. पिंजरा लावा. पिल्लांच्या काही तयार खाद्यांत रक्ती हगवणीवरचं औषध आधीच मिसळलेलं असतं. त्यातली काही औषधं कुत्र्याला फार बाधतात, म्हणूनही डबा बंद हवा.

चप्पल, हात, दोरी

या भागाला पैसे लागत नाहीत, आणि नेमकं इथंच सगळे चुकतात.

खुराड्याची चप्पल वेगळी ठेवा. रबराची, दारापासून लांब, आवाराच्या कडीशेजारीच खिळ्याला टांगलेली. घराच्या दाराशी ठेवली की घाईत कोणीतरी तीच घालून आत येतं. आवारातून निघताना चप्पल तिथेच काढायची, शेजारच्या नळावर साबणाने २० सेकंद हात धुवायचे, मगच घराकडे वळायचं. तिथं नळ नसेल तर झाकणाच्या बादलीला तोटी लावून ठेवा, साबण जाळीच्या पिशवीत टांगा. हात धुवायला 'घरात जाऊन' धुतले तर दाराची कडी, नळ आणि पदर यांना ते हात आधीच लागलेले असतात.

कामाचा क्रम बाळाकडून कोंबड्यांकडे असावा. सकाळी बाळाला पाजणं, अंघोळ घालणं आधी, खुराडं नंतर. शक्य असेल तर खुराडं साफ करणारं माणूस आणि बाळाला अंघोळ घालणारं माणूस वेगळं ठेवा. बाळंतिणीला महिना-दोन महिने तरी ते काम देऊ नये. आजोबा, काका, मोठी मुलं यांनी ते घ्यावं. कोरडं तूस झाडताना धुरळा उडतो. आधी थोडं पाणी शिंपडा, नाकाला फडकं बांधा, आणि तोच कपडा अंगावर ठेवून बाळाला उचलू नका.

दुपटी-लंगोट वाळत घालायची दोरी कोंबड्या आणि कुत्र्यापासून लांब, पाच फुटांहून उंच. वाऱ्याने पडलेलं दुपटं झटकून परत दोरीवर टाकायची सवय असते. ते पुन्हा धुवायचं. पावसाळ्यात धड वाळत नसेल तर इस्त्री फिरवा.

फरशीवर शीट पडलीच तर आधी कागदानं उचला, मग साबणाच्या पाण्यानं पुसा, शेवटी जंतुनाशक. बाजारात मिळणारं ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट २० मि.ली. एक लिटर पाण्यात घालून दहा मिनिटं ठेवा आणि साध्या पाण्यानं पुसून घ्या. ते अॅसिडमध्ये किंवा फिनाईलमध्ये मिसळू नका, विषारी वायू होतो. काळं फिनाईल तर मांजराच्या घरात वापरूच नये. पंजे चाटताना ते पोटात जातं आणि मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही.

बाळाची सतरंजी फक्त बाळाची. खेळून झालं की गुंडाळून वर ठेवा. ती पसरलेली राहिली की अर्ध्या तासात कुत्रं तिच्यावर झोपलेलं सापडतं. परसाच्या दाराला अडीच-तीन फुटी अर्धं दार सुताराकडून करून घेतलं तर हवाही येते आणि दोन्हीकडची वाहतूकही थांबते. सगळ्या खरेदीत हा खर्च सर्वांत आधी करावा असं आमचं मत आहे.

कुत्र्याची तयारी

बाळ आल्यावर कुत्र्याचा दिनक्रम एकदम पालटतो आणि त्याचा संबंध ते बाळाशी जोडतं. म्हणून जे बदल होणारच आहेत ते दोन महिने आधी करून टाका: झोपायची जागा बाहेरच्या खोलीत, फिरायची वेळ दुसऱ्या माणसाकडे, पाळण्याच्या खोलीत प्रवेश बंद. फोनवर बाळाच्या रडण्याचा आवाज हळू लावा, तो चालू असताना खाऊ द्या, आठवडाभरात आवाज वाढवत न्या.

बाळ घरी आणायच्या आदल्या दिवशी त्याचं वापरलेलं दुपटं घरी पाठवा. कुत्र्याला ते हातभर अंतरावरून हुंगू द्या, तोंडात देऊ नका. घरी येताना बाळाची आई रिकाम्या हातानं आधी आत येते. दवाखान्यातल्या त्या दिवसांनंतर कुत्रं तिच्या अंगावर उड्या मारणारच, ते होऊ द्या. कुत्रं शांत झालं की साखळीला बांधून कोणीतरी धरून बसायचं, आणि मग बाळ आत आणायचं. पहिल्या दिवशी पाच-सहा फुटांवरून बघणं पुरे. कुत्रं वळून तुमच्याकडे पाहतंय, शेपटी सैल आहे, तर "शाब्बास" म्हणून खाऊ. पुढचे चार-पाच दिवस अंतर थोडं थोडं कमी करायचं. तोंड बाळाच्या तोंडापर्यंत कधीच येऊ द्यायचं नाही. पाय हुंगले तर चालतं.

कुत्रं चावण्याआधी बरंच काही सांगत असतं. तोंड मिटून ओठ चाटतं, झोप नसताना जांभई देतं, मान वळवतं पण डोळे बाळावरच ठेवतं, तेव्हा डोळ्याचा पांढरा भाग कोयरीसारखा दिसतो. मग अंग ताठ होतं, शेपटी थांबते. ही खूण दिसली की बाळाला उचला, कुत्र्याला शांतपणे दुसरीकडे न्या. गुरगुरल्याबद्दल मारू नका. मार खाऊन कुत्रं गुरगुरणं सोडतं, राग सोडत नाही. पुढच्या वेळी ते न सांगता चावतं.

रांगणारं मूल कुत्र्याच्या ताटलीकडे हमखास जातं. कुत्र्याला बंद दाराआड खायला घाला आणि पंधरा मिनिटांनी ताटली उचला. झोपलेल्या कुत्र्यावर मूल पडू नये म्हणून कुत्र्याला अशी एक जागा द्या जिथं मुलाला जाताच येणार नाही. आणि "आमचं कुत्रं काही करत नाही" हे कितीही खरं असलं तरी मूल आणि कुत्रं एका खोलीत एकटे ठेवायचे नाहीत. आंघोळीचं पाणी काढण्यापुरतेसुद्धा नाहीत.

जंताचं औषध मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी, पिल्लाला दोन आठवड्यांपासून बारा आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला, मग सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला. डोस वजनावर असतो, डॉक्टरांकडून घ्या. कुत्र्याची विष्ठा अंगणातून रोज उचला. त्यातल्या गोल जंताची अंडी मातीत दोन-तीन आठवडे राहिल्यावर बाधक होतात, म्हणजे रोज उचललं तर वेळ तुमच्या बाजूची असते. आकडी जंताच्या अळ्या मात्र ओल्या मातीतून थेट कातडीत शिरतात आणि नागमोडी खाजरी रेघ उमटते. बाळाला ओल्या मातीवर उघडं बसवू नका.

मांजर

मांजराला ऊब हवी असते, आणि नवजात बाळाइतकी उबदार जागा घरात दुसरी नसते. तान्ह्या बाळाच्या तोंडाजवळ मांजर झोपलं तर बाळाला ते दूर करता येत नाही. मच्छरदाणी मांजराला अडवत नाही, ते तिच्यावरच झोपतं आणि जाळी बाळाच्या तोंडावर येते. बाळ झोपेल ती खोली बंद, एवढाच उपाय खरा. खिडकीला जाळी. रिकामी झोळी गाठ मारून वर बांधून ठेवा, नाहीतर मांजर तिला आपली समजतं आणि पुढे बाळासकट समजतं.

मांजराच्या विष्ठेतला टोक्सोप्लाझ्मा हा पोटातल्या बाळाला धोक्याचा सूक्ष्म परजीवी बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी बाधक होतो. म्हणून मातीची पेटी रोज साफ करायची आणि गरोदर बाईने ते काम करायचं नाही. मांजर बाहेर जाऊन बाळाच्या खेळायच्या वाळूत घाण करत असेल तर वाळूवर ताडपत्री झाका.

कुत्र्या-मांजरांची कोंबड्यांशी ओळख

पूर्ण वाढलेल्या कोंबडीपुढे बहुतेक मांजरं एक-दोन टोच्यांत शहाणी होतात. पिल्लं मात्र त्यांना उंदरासारखीच. कुत्र्याला वेळ द्यावा लागतो. पहिला आठवडा कोंबड्या जाळीत, कुत्रं साखळीला, दहा फुटांवर. दिवसातून दोनदा दहा मिनिटं. कोंबडीकडे टक लावलं की नाव घेऊन हाक मारा, वळून पाहिलं की खाऊ. मग अंतर कमी. दोन-तीन आठवड्यांत कुत्रं जाळीशेजारी झोपू लागलं तर जमलं म्हणायचं. तरीही कुत्र्याला आवारात मोकळं सोडू नका. कोंबडी फडफडून पळाली की शहाण्या कुत्र्याचेही पाय त्याच्या हातात राहत नाहीत, आणि एक वर्षाच्या आतली कुत्री खेळता खेळताच कोंबडी मारतात.

अंधार पडायला लागला की कोंबड्या आपणहून आत जातात. त्यानंतर लगेच दार लावायचं, मोजून. सकाळी नऊ-दहापर्यंत आवारातच ठेवल्या तर अंडी खोक्यातच मिळतात.

गोचीड आणि बारीक लाल किडे

कुत्र्याच्या कानामागे, बोटांच्या बेचक्यात आणि शेपटीखाली दर दोन दिवसांनी बघा. गोचीड चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढा, साबणाच्या पाण्यात टाका. नखावर चिरडू नका. मानेवर टाकायचं गोचिडाचं औषध लावल्यावर ते सुकेपर्यंत, म्हणजे दिवसभर तरी, बाळाला कुत्र्याच्या अंगाला हात लावू देऊ नये. कुत्र्यासाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. ते मांजराला जीवघेणं आहे. मांजर कुत्र्याला चाटत असेल तर दोघांना वेगळं ठेवा, आणि कुत्र्याची बाटली "थोडीच लावू" म्हणून मांजराला वापरू नका.

कोंबड्या फळीवर बसायला का-कू करतायत, तुरा फिका पडलाय, बाळाच्या अंगावर कारण न कळणारे बारीक लाल पुरळ उठतायत, तर रात्री टॉर्च घेऊन खुराड्यात जा. बसायच्या फळीच्या खालून पांढरा कागद दाबून ओढा. कागदावर लाल रेघा उमटल्या तर ते रक्त प्यालेले किडे आहेत. दिवसा ते फटीत लपतात, म्हणून कोंबडीवर सापडत नाहीत. सगळं तूस काढून जाळा, फटींत उकळतं पाणी ओता, वाळल्यावर चुना मारा आणि आठवड्यानं पुन्हा हेच करा. पहिल्या खेपेला किड्यांची अंडी मरत नाहीत. कोंबड्यांना अंग घोळायला टोपलीभर चुलीची राख आणि बारीक माती द्या.

अंडी आणि बाळाचं पहिलं अंडं

अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. साठवायची अंडी धुवू नका; कवचावरचा नैसर्गिक थर निघतो आणि थंड पाण्याबरोबर जंतू छिद्रांतून आत ओढले जातात. किंचित घाण कोरड्या फडक्यानं पुसा. फार माखलेलं किंवा तडकलेलं अंडं बाळाच्या वाट्याला नको. टोकदार बाजू खाली ठेवून फ्रिजमध्ये ठेवा. पाण्यात बुडतं की तरंगतं यावरून अंडं किती जुनं ते कळतं, त्यात जंतू आहेत का ते कळत नाही.

सहा महिने पूर्ण झाल्यावर अंडं देता येतं. पाण्याला उकळी आल्यापासून १० ते १२ मिनिटं उकडा, पिवळं पूर्ण घट्ट झालं पाहिजे. पहिल्या दिवशी पाव चमचा, पिवळं-पांढरं दोन्ही कुस्करून, आईच्या दुधात किंवा भाताच्या पेजेत कालवून, सकाळच्या वेळी. दोन तास लक्ष ठेवा. गांधी उठल्या, ओठ सुजले, उलट्या झाल्या तर दवाखान्यात न्या. काही झालं नाही तर दोन दिवसांनी अर्धा चमचा, असं वाढवत जा. वर्षभर पिवळंच द्यायची रीत अनेक घरांत आहे. पांढरं मुद्दाम लांबवल्यानं अॅलर्जी टळत नाही. बाळाला आधीच खूप इसब असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना विचारून सुरू करा. हाफ-फ्राय आणि कच्चं अंडं घातलेलं काहीही लहान मुलाला नको.

कधी धावायचं

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला, कारण कोणतंही असो, तर त्याच दिवशी दवाखाना. कुठल्याही वयात शौचातून रक्त, डोळे खोल गेलेले, सहा तास लघवी नाही, दूध ओढत नाही, तर थांबू नका. घरात कोंबड्या आहेत हे डॉक्टरांना आपणहून सांगा, त्यावर तपासणी ठरते. जुलाब असले तरी अंगावरचं दूध चालू ठेवायचं.

कुत्रं किंवा मांजर चावलं, ओरखडलं, जखमेवर चाटलं, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावून. हळद, मिरची, चुना, तेल काही लावू नका. मग लगेच सरकारी दवाखाना. तिथं रेबीजची लस मोफत मिळते. कातडीत देतात ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते, एकही तारीख चुकवू नये. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं इंजेक्शनही लागतं, ते विचारून घ्या. घरच्या कुत्र्याला लस झालेली असली तरी दाखवायचंच. कुत्र्याची लस तिसऱ्या महिन्यात, मग बूस्टर, मग दरवर्षी.

भारतात कोंबड्यांतला बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ च्या फेब्रुवारीत, नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला. दोन-तीन कोंबड्या एकदम मेल्या, तुरे जांभळे पडले, डोकी सुजली, तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं शिवू नका, कापून खाऊ नका, कुत्र्याला टाकू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा आणि बाळाला परसाकडे नेणं त्या क्षणापासून बंद.

मूल मोठं होताना

वर्ष पूर्ण झालं की सरकारी मोहिमेत जंताची गोळी मिळते, दोन वर्षांपर्यंत अर्धी. दीड-दोन वर्षांचं मूल कडेवरून किंवा हात धरून जाळीच्या बाहेरून कोंबड्या बघू शकतं, फळीवरून मूठभर ज्वारी आत टाकू शकतं. त्यानंतर हात धुणं तुमच्यासमोर. कोंबडीला कवटाळणं, गालाला लावणं, पापा घेणं पाच वर्षांपर्यंत नाही. पाचव्या वर्षी अंडी गोळा करायचं काम देता येतं: टोपलीत खाली तूस, एका वेळी एकच अंडं, बसलेल्या कोंबडीखाली हात घालायचा नाही, खुराड्याची चप्पल त्याच्या मापाची वेगळी, आणि तीही बाहेरच्याच खिळ्याला.